गाडीमागे कॅराव्हॅन ट्रेलर जोडण्याआधी: नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार वर्षं झाली, आमच्या गाडीमागे एक छोटा कॅराव्हॅन ट्रेलर असतो. दोन बिछाने, एक ओटा, एक पाण्याची टाकी. गंगापूर धरणाच्या बाजूला, भंडारदऱ्याला, सापुताऱ्याला तो घेऊन जातो. पेट्रोल पंपावर थांबलो की माणसं जवळ येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओढते का हो गाडी?" ओढते. सपाट रस्त्यावर टनभर वजन आजची कुठलीही डिझेल एसयूव्ही ओढते. पण तेच वजन कसाऱ्याच्या उतारावर आवरता येतं का, आणि त्यातलं किती गाडीच्या मागच्या चाकांवर येऊन बसतं, हे क्वचितच कुणी विचारतं. गाडीत घरचीच माणसं बसणार असतात, म्हणून इथे उत्तरं हात आखडता न घेता लिहिली आहेत.

कॅराव्हॅन म्हणजे आत खोली केलेली व्हॅन ना? मग ट्रेलर कुठून आला?

दोन्हीला कॅराव्हॅनच म्हणतात. एक स्वतःच्या इंजिनावर चालते, दुसरी गाडीमागे ओढायची असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून आपल्याकडे चौकशी वाढली आहे. या पानावर फक्त ओढायच्या ट्रेलरबद्दल आहे.

माझी गाडी किती वजनाचा ट्रेलर ओढू शकते हे कुठे सापडेल?

गाडीसोबत मिळालेल्या मॅन्युअलमध्ये. "टोइंग" किंवा "ट्रेलर" असं प्रकरण शोधा. तिथे बहुधा दोन आकडे असतात: स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी एक आणि ब्रेक नसलेल्यासाठी दुसरा. दुसरा आकडा बराच लहान असतो आणि नेमका तोच लोकांच्या नजरेतून सुटतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे आकडे नसतातच. काहींमध्ये तर ट्रेलर जोडू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला, पुढे हिशोब करत बसू नका. काहीच लिहिलेलं नसेल तर कंपनीला ईमेल करा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबा. शोरूममधल्या मुलाने "होऊन जाईल सर" म्हटलं, एवढ्यावर ट्रेलर विकत घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी त्या वाक्याला काडीची किंमत देणार नाही.

व्हिडिओत बघितलं की आपलीच स्कॉर्पिओ ऑस्ट्रेलियात अडीच टन ओढते. मग इथे का चालू नये?

तिकडे स्कॉर्पिओला ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी २,५०० किलोचं रेटिंग आहे, हे खरं आहे. पण रेटिंग गाडीच्या नावाला मिळत नाही. त्या देशात विकलेल्या त्या विशिष्ट गाडीला मिळतं: तिचा गिअरबॉक्स, तिचं कूलिंग, तिचे टायर, कंपनीने मंजूर केलेली हिच (ट्रेलर अडकवायला गाडीच्या मागे बसवलेली लोखंडी जोडणी), आणि मागे ब्रेक असलेला ट्रेलर, हे सगळं धरून. तिथला आकडा इथल्या गाडीला लावायचा म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा लावून गाडी चालवण्यासारखं आहे. नाशिकमध्ये बनलेल्या बोलेरोवर आणि थारवर इथल्या माणसांचा जीव आहे, माझाही आहे. पण जीव असला तरी आकडा कागदावरच बघायचा.

कर्ब वेट, जीव्हीडब्ल्यू, जीसीडब्ल्यू ही काय भानगड आहे?

कर्ब वेट म्हणजे इंधन-ऑइल-पाणी भरलेल्या, पण माणसं आणि सामान नसलेल्या गाडीचं वजन. जीव्हीडब्ल्यू म्हणजे सगळं भरून एकटी गाडी जास्तीत जास्त किती वजनाची असावी ते. या दोहोंतला फरक म्हणजे गाडी किती भार वाहू शकते. जीसीडब्ल्यू म्हणजे भरलेली गाडी आणि भरलेला ट्रेलर मिळून वजनाची मर्यादा. याशिवाय प्रत्येक ॲक्सलची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या जोडीची, स्वतःची मर्यादा असते. म्हणजे जीव्हीडब्ल्यू, जीसीडब्ल्यू आणि दोन ॲक्सलचे दोन असे चार आकडे आहेत आणि चारही पाळायचे आहेत. तीन पाळून चौथा मोडला तर गाडी मोडलेल्या आकड्यासारखीच वागते.

ब्रोशरमध्ये दोन टनांचं रेटिंग आहे आणि माझा ट्रेलर बाराशे किलोचासुद्धा नाही. म्हणजे मी निश्चिंत ना?

नाही. ओढण्याची मर्यादा बहुतेक वेळा नंतर संपते, त्याआधी वाहण्याची मर्यादा संपते. आमचंच उदाहरण देतो.

गाडीचं कर्ब वेट १,९५० किलो आणि जीव्हीडब्ल्यू २,६००. म्हणजे वाहायला उरले ६५० किलो. ऐकायला भरपूर वाटतं. आता भरायला घ्या. पाच मोठी माणसं, ३४० किलो. बॅगा आणि खाण्यापिण्याचं सामान, ९०. टपावरचा कॅरिअर आणि तंबू, ५०. हिचचं लोखंडच ३०. झाले ५१०. आता ट्रेलरची पुढची दांडी हिचवरच्या गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टेकवली की तिचा सुमारे १२० किलोंचा भार गाडीवर येतो, कारण दांडीचा भार हा गाडीनेच वाहायचा असतो. ६३०. उरले २० किलो. येताना वाटेत दिंडोरीला द्राक्षांच्या पाच-पाच किलोंच्या चार पेट्या घेतल्या की गाडी भरली. ओढण्याच्या दोन टनांतले मात्र अजून आठशेहून जास्त किलो शिल्लक आहेत.

आणि दांडीचा भार बसतो कुठे ते बघा. बॉल मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो. दोन ॲक्सलमधलं अंतर २.७५ मीटर आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून १.१ मीटर मागे असेल, तर बॉलवरच्या १०० किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर १४० किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे ४० किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं. नवखा माणूस म्हणतो, गाडी किती मऊ चालते. ती मऊ नाही, तिची पुढची पकड कमी झालेली असते.

दांडीवर भार येऊच दिला नाही तर? ट्रेलर अगदी समतोल ठेवला तर गाडीवर ओझं येणार नाही.

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं आणि बैल बावरतात. माल पुढे जास्त झाला की गाडी धुरेला जड होते आणि बैलांच्या माना दुखावतात. जुना गाडीवान निघायच्या आधी धुरा हाताने उचलून बघायचा आणि दोन पोती इकडची तिकडे करायचा. कॅराव्हॅन ट्रेलरचं शास्त्र नेमकं हेच आहे.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार दांडीवर असावा, असं अमेरिकेत मानतात. युरोपात ट्रेलरची घडण वेगळी आणि वेग कमी, त्यामुळे तिथे ५ ते ७ टक्क्यांवर भागवतात. आपल्या रस्त्यांवर खड्डे, अचानक आडवी येणारी दुचाकी आणि शेजारून जाणारे कंटेनर आहेत, म्हणून मी १० च्या खाली कधी जात नाही. मात्र बॉल आणि हिच यांचीही दांडीच्या भाराची मर्यादा असते, ती त्यांच्यावर कोरलेली असते. १० टक्के काढले आणि ते त्या मर्यादेच्या वर गेले, तर ट्रेलर तुमच्या गाडीसाठी मोठा आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पहिल्या वर्षी आमचा ट्रेलर ९५० किलोंचा होता, दांडीवर ९५. चांदवडच्या पुढे एका नातेवाइकांच्या मळ्यावर मुक्काम होता. निघताना त्यांच्या विहिरीचं पाणी गोड म्हणून मागची टाकी काठोकाठ भरली, १०० लिटर. टाकी ट्रेलरच्या चाकांच्या दीड मीटर मागे आणि बॉल चाकांच्या साडेतीन मीटर पुढे. ते १०० किलो मागे बसले आणि दांडीवरचे ४३ किलो उचलले गेले. ट्रेलर झाला १,०५० चा आणि दांडीवर राहिले ५२. म्हणजे जेमतेम ५ टक्के.

महामार्गाच्या उतारावर वेग ७५ च्या आसपास होता. एक कंटेनर उजवीकडून पुढे गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर एकदा डावीकडे ढकलला गेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर फेरीला झोका मोठा. आरशात ट्रेलरची एक बाजू दिसायची, मग दुसरी. मागे बसलेल्या आईने सीटच्या पाठीला घट्ट धरलं होतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि पाच-सात सेकंदांत ते शांत झालं. ते पाच-सात सेकंद मी विसरलेलो नाही. बाजूला थांबून टाकीची तोटी उघडली आणि सगळं पाणी सोडून दिलं. दोन महिन्यांनी टाकी काढून चाकांच्या बरोबर वर बसवून घेतली.

जड वस्तू चाकांवर किंवा किंचित पुढे, हलक्या मागे. गॅसची शेगडी, बॅटरी, पाणी यांची जागा एकदा ठरली की बदलू नका. बदलली तर पुन्हा मोजा.

दांडीवरचा भार घरी कसा मोजायचा?

सपाट जागी ट्रेलर पूर्ण भरून उभा करा. चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. बाथरूममधला वजनकाटा घ्या, त्यावर फळी आणि लाकडाचा ठोकळा ठेवून दांडीचं टोक त्यावर टेकवा. ठोकळ्याची उंची एवढी हवी की दांडी बॉलच्याच उंचीवर आडवी राहील. वर-खाली असेल तर आकडा चुकतो.

काटा १२० किलोंपर्यंतचाच असेल आणि भार जास्त वाटत असेल तर तीन फूट लांबीची जाड फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. दांडी विटेपासून एक फुटावर आणि काट्यापासून दोन फुटांवर टेकवा. मग काट्यावर एक तृतीयांश भार येतो. आधी नुसत्या फळीचं वजन बघून ते वजा करा आणि राहील त्याला तीनने गुणा. अर्ध्या तासाचं काम आहे. दांडीखाली हात-पाय घालू नका.

आणि पूर्ण वजन? कंपनीने लिहिलेलं धरलं तर?

कंपनीने लिहिलेलं असतं ते रिकाम्या ट्रेलरचं. गादी, पडदे, भांडी, बॅटरी, ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छप्पर), सिलिंडर, पाणी हे सगळं तुम्ही नंतर भरता. अंदाजाने कुणाचंच वजन बरोबर येत नाही, माझंही आलं नव्हतं.

या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. कांद्याच्या आणि द्राक्षांच्या पट्ट्यात, लासलगाव-पिंपळगावच्या वाटेवर आणि अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत वजनकाटे जागोजागी आहेत. शेतकरी भरलेल्या ट्रॉलीचा काटा करतो, माल उतरवून रिकाम्या ट्रॉलीचा करतो आणि वजाबाकीवर त्याचे पैसे ठरतात. आपल्याला तेच करायचं आहे, फक्त तीनदा. दुपारच्या निवांत वेळी जा. कांद्याच्या लिलावाच्या गर्दीत गेलात तर मागचे ट्रॅक्टरवाले तुम्हाला तीनदा गाडी मागे-पुढे करू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

पहिला काटा: माणसं आणि सामान यांसह एकटी गाडी, ट्रेलर सोडून. दुसरा: ट्रेलर जोडलेला, पण फक्त गाडीची चारही चाकं काट्यावर, ट्रेलरची चाकं बाहेर. तिसरा: सगळं काट्यावर.

आमच्या पावत्या अशा होत्या: २,४६०, मग २,५७०, मग ३,६४०. दुसऱ्यातून पहिला वजा केला की दांडीचा भार मिळतो, ११० किलो. तिसऱ्यातून पहिला वजा केला की ट्रेलरचं पूर्ण वजन, १,१८०. तिसऱ्यातून दुसरा वजा केला की ट्रेलरच्या चाकांवरचा भार, १,०७०. गाडीची मर्यादा २,६००, म्हणजे ३० किलोंनी आत. दांडीवर मात्र ९.३ टक्केच निघाले. बॅटरी आणि हत्यारांची पेटी पुढच्या कप्प्यात हलवली, घरी येऊन दांडी पुन्हा मोजली, तेव्हा १२० आले.

एक लक्षात घ्या. ट्रकच्या काट्याचा आकडा ५ किंवा १० किलोंच्या टप्प्याने बदलतो. टनांच्या वजनात त्याने बिघडत नाही, पण दांडीच्या भारासारख्या लहान आकड्याला तो फरक मोठा आहे. म्हणून पूर्ण वजन मोठ्या काट्यावर आणि दांडी घरच्या काट्यावर. पावत्या गाडीच्या कागदांत ठेवा.

मर्यादेच्या किती आत राहावं?

मी ओढण्याच्या आणि गाडी-ट्रेलर मिळून एकूण वजनाच्या (जीसीडब्ल्यू) मर्यादेच्या ८० टक्क्यांवर थांबतो. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. तोही चांगला दंडक आहे, कारण हलक्या गाडीला जड ट्रेलर हवा तसा नाचवतो.

कसारा घाटातून नेता येईल का?

नेता येतो, आम्ही नेतो. पण घाटाचा हिशोब समजून घ्या.

पंचवटी एक्स्प्रेसने ये-जा करणाऱ्यांना माहीत आहे की मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागून बँकर इंजिनं लागतात. थळ घाटात, म्हणजे याच कसारा घाटात, रेल्वेचा चढ १ ला ३७ आहे आणि एवढ्या चढाला रेल्वे एका इंजिनावर विसंबत नाही. तुमच्या गाडीला मागून ढकलणारं कुणी नाही. चढताना इंजिनाचं तापमान बघत राहा, काटा वर सरकू लागला की एसी बंद करा, खालच्या गिअरमध्ये या आणि सावकाश चढा. तरीही काटा उतरत नसेल तर सुरक्षित जागी थांबा, पण इंजिन लगेच बंद करू नका.

खरी परीक्षा उतरताना. इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक ढोबळपणे ३०० मीटर धरा. एवढं खाली उतरताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ८० च्या वेगातून पूर्ण थांबण्याच्या साधारण बारा वेळा ब्रेक मारण्याइतकी असते. थोडी वारा आणि टायर जिरवतात. बाकी एकतर इंजिन जिरवणार, नाहीतर ब्रेकच्या चकत्या. आणि आमच्या आकड्यांत बघा, २,४६० ची गाडी ट्रेलरसह ३,६४० ची होते. म्हणजे गाडीच्या ब्रेकवर जवळपास दीडपट काम, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा आणि ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर हाताने गिअर बदलायची सोय वापरा, डी मध्ये टाकून सोडून देऊ नका. ब्रेकवर पाय ठेवून घासत उतरू नका. एकदा ठामपणे दाबा, वेग उतरवा, पाय पूर्ण काढा, चकत्यांना वारा लागू द्या. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर ब्रेक थकलेत. बाजूला थांबा, अर्धा तास चहा प्या, गरम चकत्यांवर पाणी ओतू नका. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे मी घाटात पाहिले आहेत. ट्रेलर मागे असताना हे केलं तर आवरायला हातात काहीही उरत नाही.

कांद्याच्या ट्रॉलीला कुठे ब्रेक असतात? तरी ट्रॅक्टर चालतातच ना.

ट्रॅक्टर कमी वेगाने चालतो. आणि उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला कशी ढकलते, ट्रॅक्टर वळतो आणि ट्रॉली सरळ जायला बघते, हे आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिलं नाही? वेग ६० वरून ८० केला तर थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीने वाढते. कारच्या वेगाला ट्रॉलीचा दाखला चालत नाही.

युरोपात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. मी तोच आकडा इथेही पाळा म्हणतो, आणि ज्यांना घाट उतरायचा आहे त्यांनी ५०० च्या वरच ब्रेक लावून घ्यावेत. ओव्हररन ब्रेक सगळ्यात सोपे: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, दांडीतली सरकती नळी दाबली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक ब्रेकला गाडीत कंट्रोलर लागतो, पण ट्रेलरचे ब्रेक वेगळे दाबता येतात, आणि झोके सुरू झाले की त्याचं मोल कळतं. दोन्हींत ब्रेकअवे केबल हवी. ट्रेलर निसटला तर ती खेचली जाऊन त्याचे ब्रेक लागतात.

बंपरमागे गाडी ओढायचा हुक आहे. त्याला जोडला तर?

अजिबात नको. तो हुक बंद पडलेली गाडी थोडं अंतर ओढून नेण्यासाठी असतो. तासन्तास खाली-वर बसणारे दणके त्याने सोसायचे नसतात.

ओळखीचा वेल्डर मजबूत हिच बनवून देतो म्हणतो.

त्याच्या हातावर माझा अविश्वास नाही. प्रश्न लोखंड किती जाड हा नसून ते गाडीला कुठे धरलंय हा आहे. बंपरला किंवा स्टेपनीच्या ब्रॅकेटला वेल्ड केलेल्या हिच मी पाहिल्या आहेत. चार महिन्यांत वेल्डच्या कडेने केसासारखी भेग येते, धुळीत ती दिसत नाही. हिच गाडीच्या चॅसिसला, कंपनीने ठेवलेल्या जागांवर, नट-बोल्टने बसलेली हवी आणि तिच्यावर मर्यादा कोरलेली हवी.

लॅडर फ्रेमवरच्या, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या, गाड्यांना हे सोपं जातं. मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली, गाडी ओढू शकतच नाही असं मात्र नाही, युरोपात हॅचबॅकही ट्रेलर ओढतात, पण तिथे योग्य ब्रॅकेट आणि कंपनीची मंजुरी दोन्ही असतात.

बॉल आणि कपलर (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) यांचं माप जुळवा. ५० मिलिमीटर आणि दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, ही दोन मापं डोळ्यांना सारखीच दिसतात. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर सैल बसतो. दोन्हींवर माप कोरलेलं असतं, वाचून घ्या. खालच्या दोन साखळ्या फुलीसारख्या एकमेकींवरून न्या, म्हणजे कपलर सुटला तरी दांडी रस्त्यावर न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

ट्रेलर झोके घेऊ लागला तर नेमकं काय करायचं?

ॲक्सिलरेटर सोडा. स्टिअरिंग सरळ आणि घट्ट. ट्रेलरचे ब्रेक वेगळे दाबता येत असतील तर तेवढेच दाबा. गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, उलट दिशेने स्टिअरिंग फिरवून झोका मारायला जाऊ नका, आणि वेग वाढवून सरळ करायच्या भानगडीत पडू नका. शांत झाल्यावर थांबा, दांडीचा भार आणि टायरची हवा तपासा. झोका एकदा आला तर त्याला कारण असतं. ते सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

टायरचं काय बघायचं?

टायरवर लोड इंडेक्स असतो. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो. आमच्या ट्रेलरच्या चाकांवर १,०७० किलो आहेत आणि दोन टायर मिळून १,२३०, म्हणून चालतं. दुसरं, वय. चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उन्हात उभे राहून वाळतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि आतून तडकलेलं असतं. मी सहा वर्षांच्या पुढे ठेवत नाही.

इलेक्ट्रिक गाडीने ओढता येईल?

मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच. आणि रेंज निम्म्यावर येऊ शकते हे धरून चार्जिंग ठरवा.

आरटीओचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. म्हणून कलम ३९ ची नोंदणी आणि कलम १४६ चा तृतीय पक्ष विमा त्यालाही लागू होतो. गाडीत केलेला बदल नोंदणीच्या तपशिलाशी विसंगत असेल तर कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे ट्रेलर बनवून झाल्यावर पासिंगला धावू नका. बनवण्याआधी रेखाचित्र, वजनं आणि ब्रेकचा तपशील घेऊन आरटीओत जा आणि काय लागेल ते विचारून घ्या. तयार ट्रेलर घेत असाल तर मंजुरीचे कागद बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. आपल्या विमा कंपनीला हिच बसवल्याचं लेखी कळवा.

चालत्या ट्रेलरमध्ये कुणालाही बसू देऊ नका. मुलं हट्ट करतात, बिछाना तयार असतो, तरीही नाही.

समृद्धीवरून नेला तर घाट टळेल ना?

इगतपुरीपासून पुढचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसाऱ्याच्या बाजूला सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्याने घाटाची वळणं वाचतात. पण तिथे मोह वेगाचा होतो. कारला १२० ची मुभा आहे म्हणून ट्रेलर मागे असताना ती घ्यायची नसते. ७० ते ८०, डावी लेन, आणि निघण्याआधी टायरची हवा गार असताना तपासलेली. उन्हाळ्यात दुपारी काँक्रीटवर टायर फार तापतात, मी पहाटे निघतो.

२०२७ च्या सिंहस्थात पाहुण्यांसाठी ट्रेलर शहरात उभा करता येईल का?

पर्वणीच्या दिवसांत शहरातले आणि त्र्यंबकचे रस्ते वाहनांना बंद असतात. साडेचार मीटरच्या गाडीमागे ट्रेलर घेऊन बॅरिकेडसमोर अडकलात तर मागे वळायलाही जागा मिळणार नाही. त्या दिवसांत तो घरीच ठेवा.

पहिली फेरी कुठे मारू?

आधी एखाद्या मोकळ्या मैदानात नुसतं मागे घेण्याचा सराव करा. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा: हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं. दोन रविवार यात जाऊ द्या. मग पहाटे साडेपाचला त्र्यंबक रस्त्याने निघा, घरची मंडळी न घेता, एका जाणत्या माणसाला शेजारी बसवून. वेग ५० च्या आत. वळताना ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून कापतात, म्हणून वळण जरा उशिरा आणि मोठं घ्या.

दहा किलोमीटरवर थांबा. कपलरची कडी बसलेली आहे का बघा, साखळ्या, दिव्यांची वायर, चाकांचे नट तपासा. मग ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्या आणि मग हळूच टेकवा. कोमट लागले तर पुढे जा. एक हब दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल किंवा हात ठेववत नसेल तर बेअरिंगमध्ये ग्रीस कमी आहे किंवा ब्रेक घासतोय. तिथूनच परत फिरू नका, हब गार होऊ द्या आणि मेकॅनिकला तिथे बोलावून घ्या.